मिस थ्वेटचा चष्मा

वाईट बातमी सांगायला मला पाठवू नये, हे आमच्या घरात, गल्लीत आणि बस डेपोत सगळ्यांना ठाऊक आहे. संग्रहालयाच्या समितीला तेवढं ठाऊक नव्हतं. तिथे मी नवा होतो आणि टाय लावून जायचो, त्यामुळे त्यांचा गैरसमज झाला.

माझी सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली. विनातिकीट माणूस दिसला की त्याच्याआधी मला घाम फुटायचा. तो खिसे चाचपायला लागला की मी खिडकीबाहेर बघत उभा राहायचो आणि त्याला उतरायला वेळ द्यायचो. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, "क्लिफर्ड शॉरॉकबद्दल एकाही प्रवाशाची कधी तक्रार आली नाही." सगळे खो खो हसले. का हसले ते घरी गेल्यावर मॉरीनने, म्हणजे माझ्या बायकोने, समजावून सांगितलं.

निवृत्तीनंतर मी घरभर तिच्या मागे मागे हिंडायला लागलो, तेव्हा तिनेच मला कालव्याकाठच्या संग्रहालयात नेऊन सोडलं. नकोसं मांजर लांब नेऊन सोडतात तसं. "तिथे म्हाताऱ्यांना चहा फुकट देतात," म्हणाली. "पाचपर्यंत परत येऊ नकोस."

संग्रहालय म्हणजे धुराने काळवंडलेली विटांची इमारत. व्हिक्टोरिया राणीच्या काळी तिथे आमच्या हॅडलशॉ गावातल्या कंगाल पोरांची फुकट शाळा भरायची. पोरांच्या अंगावर चिंध्या, म्हणून लोक तिला चिंध्यांची शाळाच म्हणत. आता दर मंगळवारी खऱ्या शाळेतली मुलं येतात, पाटीवर लिहितात, लाकडी बाकांवर ताठ बसतात आणि दीड तास त्या काळातल्या मास्तरणीच्या हाताखाली काढतात. ती मास्तरीण म्हणजे मिस थ्वेट. आणि मिस थ्वेट म्हणजे एडना फेअरक्लफ, जिच्याबद्दल मला सांगायचं आहे. माझं पुराण मध्येमध्ये येईल, त्याला इलाज नाही.

एडना आयुष्यात कधी शिक्षिका नव्हती. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ती चपलांच्या कारखान्यात लागली. लग्न झाल्यावर प्राथमिक शाळेच्या भोजनगृहात वाढपीण झाली आणि तिथेच तिचे केस पिकले. तिची आजी मात्र याच चिंध्यांच्या शाळेत, याच बाकांवर, अनवाणी बसून अक्षरं शिकली होती. त्यामुळे इमारतीचं संग्रहालय झालं तेव्हा एडना चहा करायला म्हणून आली. मिस थ्वेट व्हायला एक निवृत्त मुख्याध्यापिका नेमली होती. एका मंगळवारी तिला ताप आला, मुलं तर येऊन बसलेली. एडनाने एप्रन काढला, तो काळा झगा चढवला, गोल चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि वर्गात शिरली. शेकडो पोरांना नुसती भुवई उचलून कोबी खायला लावणारी बाई ती! मुख्याध्यापिकाबाई बऱ्या झाल्या, पण त्यांना परत बोलवायची कुणाला आठवणच झाली नाही.

"हात पुढे!" मिस थ्वेट छडी टेबलावर आपटून म्हणायची. "ही नखं आहेत की बटाट्याचं शेत? आणि तू, लाल केसांच्या! हसायला काय झालं? इथे राणीसरकारसुद्धा हसत नाहीत, बघ त्या तसबिरीत!"

मुलांची बोबडी वळायची. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या शिक्षकांचीही वळायची. मी पहिल्यांदा तो वर्ग बघितला तेव्हा हळूच माझी नखं तपासून घेतली होती.

आणि हीच एडना वर्गाबाहेर दिव्याच्या खांबावर आपटली तर खांबाची माफी मागायची. एकदा केस कापणाऱ्या मुलीने चुकीचा रंग लावून तिचं डोकं जांभळं करून टाकलं. "छान झालंय हो!" म्हणून एडनाने तिला वर बक्षिसी दिली आणि सगळा उन्हाळा डोक्याला रुमाल बांधून काढला. आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात. मॉरीन याला दुसरं काहीतरी म्हणते.

वर्गाचा शेवट ठरलेला असायचा. घंटा वाजली की मिस थ्वेट छडी खाली ठेवायची, चष्मा काढून खिशात टाकायची आणि तिचा चेहराच बदलायचा. "मी एडना, बाळांनो," ती म्हणायची. "खरी रागावले नव्हते हं मी." मग दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातावर पार्किनचा तुकडा ठेवायची. पार्किन म्हणजे काकवी आणि आलं घातलेला आमच्याकडचा केक, आणि एडनाच्या हातचा म्हणजे विचारू नका. आल्या आल्या थरथरणारी पोरं जाताना तिच्या कमरेला मिठी मारायची. सगळी गंमत त्या चष्मा काढण्यात होती. तो निघाला नाही, तर ती नुसती एक छडीवाली म्हातारी.

गेल्या शरद ऋतूत एका मंगळवारी तो निघाला नाही.

घंटा वाजली. मुलं वाट बघत राहिली. मिस थ्वेट छडी धरून उभीच. मग म्हणाली, "बाराचा पाढा. पुन्हा." मुलांनी म्हटला. "पुन्हा." तिसऱ्यांदा त्यांच्या बाईंनी गुपचूप मुलांना उठवून बाहेर नेलं. पार्किनचा डबा तसाच राहिला. एडना बाहेर येऊन मला म्हणाली, "आज पोरं अजून कशी आली नाहीत रे?" मी म्हणालो, "रस्त्यात गर्दी असेल." असा मी.

त्यातली पॉपी नावाची एक मुलगी रात्री झोपेतून रडत उठायला लागली. तिच्या शाळेतून फोन आला. समितीची बैठक बसली आणि अध्यक्षा रोझलिंड टॅटरसॉल, ज्यांचा आवाज इतका मऊ की त्यांनी कुणाला कामावरून काढलं तरी त्याला बढती मिळाल्यासारखं वाटावं, त्या म्हणाल्या, "एडनाला आता जरा विश्रांती देऊ या. क्लिफर्ड, तुम्ही तिच्या जवळचे. तुम्ही तिला सांगा. आणि वर्गही तुम्हीच घ्या ना! तुम्ही नाटकात कामं करता, असं ऐकलंय."

नाटकातली माझी कामं म्हणजे दर नाताळात गावच्या हौशी मंडळींच्या खेळात मी घोडा होतो. घोड्याचा मागचा अर्धा भाग. पुढचा भाग करणारा आजारी पडला तरी मला बढती देत नाहीत, खेळ रद्द करतात. त्यामुळे वर्ग घ्या म्हटल्यावर एडनाचं काय होईल याच्याआधी माझ्या मनात काय आलं असेल? बनावट कल्ले कुठे मिळतील, हे आलं. लाज वाटते सांगायला, पण बैठकीतून घरी जाताना मी शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. तिने पार्किन कापलं, चहा ओतला. मी जिरेनियमच्या कुंड्यांची स्तुती केली. ती म्हणाली, "काही काम होतं का राजा?" मी म्हणालो, "छे, सहज." आणि आणखी एक तुकडा घेतला. एडना सगळ्यांनाच राजा म्हणते, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं.

पुन्हा गेलो. या वेळी पाठ करून गेलो होतो. "एडना, समितीचं असं म्हणणं आहे," एवढ्यावर आलोही होतो. ती बोलता बोलता माझ्या चहात साखर घालत होती. घातली, ढवळली, नवऱ्याच्या, स्टॅनच्या, कबुतरांची काहीतरी गोष्ट सांगितली आणि पुन्हा साखर घातली. मग गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी चहा साखरेशिवाय पितो. तो पाक मी मुकाट्याने संपवला आणि "छान झालाय हो!" म्हणालो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तर दारातूनच परत फिरत होतो. तिने खिडकीतून बघून हाक मारली.

"एडनाशी बोलणं झालं का?" रोझलिंडबाईंनी विचारलं.

"झालं की," मी म्हणालो. जिरेनियमबद्दल झालंच होतं. त्यांनीही पुढे विचारलं नाही. आमच्याकडे कुणी पुढे विचारत नाही.

घरी मी आरशासमोर सराव चालवला होता. "हात पुढे!" मी गर्जना करायचो.

"दटावतोयस की बस कुठे थांबते ते विचारतोयस?" मॉरीन स्वयंपाकघरातून ओरडायची.

"माफ कर. मोठ्याने होतंय का?"

"बघ! मास्तर म्हणे! अरे, छडी आपटून टेबलाची माफी मागशील तू! आणि त्या एडनाला सांगितलंस का?"

"सांगेन."

"मंगळवार उद्यावर आलाय, क्लिफर्ड."

मला वाटलं, एव्हाना तिला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. दुसऱ्या सगळ्यांना वाटलं, मी सांगितलं असेल.

मंगळवारी मी झगा घातला, कल्ले डिंकाने चिकटवले आणि मुलं बसल्यावर पुढच्या दाराने वर्गात पाऊल टाकलं. त्याच क्षणी चहाच्या खोलीकडचं दार उघडलं आणि काळ्या झग्यात, गोल चष्म्यात, छडी घेऊन मिस थ्वेट आत आली.

आम्ही एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

"अगंबाई, माफ कर," एडना म्हणाली.

"छे छे, माझीच चूक. तू घे."

"नको, तू आलायस तर तू घे."

"नाही नाही, तुझाच मंगळवार आहे."

"पण तू तयारी करून आलायस रे."

मुलं टेनिस बघावं तसं एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. पहिल्या बाकावरच्या एका मुलाने, इमाद त्याचं नाव, हात वर केला. "यांच्यातल्या खऱ्या बाई कोण आहेत?"

सगळा वर्ग हसला. एडना हसली नाही. तिने माझ्या झग्याकडे बघितलं, कल्ल्यांकडे बघितलं. मग माझ्या पाठीमागे, दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या रोझलिंडबाईंकडे बघितलं. तिला सगळं कळलं. मी कधी कुणाचा चेहरा इतका उतरलेला बघितला नव्हता, आणि तो मी उतरवला होता. आता तरी बोल गाढवा, असं मी स्वतःला म्हणत होतो आणि तोंडाला कुलूप.

छडी टेबलावर कडाडली.

"शॉरॉक! पुन्हा उशीर!"

मी इकडे तिकडे बघितलं.

"तुझ्याशीच बोलतेय! आणि हे गालांवर काय चिकटवलंयस? कुणाच्या घोड्याची शेपटी कापून आणलीस?"

"माफ करा, बाई."

"माफी पुरे! कोपऱ्यात!"

ती मला वाचवत होती. ज्याने तिला तोंडावर सांगायची हिंमत केली नाही, त्याची फजिती ती झाकत होती. मी कोपऱ्यातल्या तिपाईवर बसलो. तिने ढ पोरांना घालायची ती उंच कागदी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. ती मला अगदी मापात बसली. मुलं आनंदाने किंचाळली आणि तिथून पुढे वर्ग असा रंगला की काय सांगू! तिने मला नखं दाखवायला लावली, बारा सत्ते किती ते विचारलं. मी खरंच चुकलो. एक कल्ला सुटून हनुवटीवर लोंबायला लागला. उभ्या जन्मात प्रेक्षकांनी माझ्या तोंडाकडे बघून टाळ्या वाजवल्या त्या एवढ्याच.

तिने बाराचा पाढा दोनदा म्हणून घेतला. मग पुन्हा एकदा. माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नाही. जुन्या शाळेत दुसरं होतं काय? तेच ते पुन्हा, तेच ते पुन्हा. विसरणाऱ्या माणसाला लपायला याहून चांगली जागा सापडणार नाही. भीती होती ती फक्त घंटेची. घंटेनंतर चष्मा निघाला पाहिजे. रोझलिंडबाई भिंतीशी उभ्या होत्या आणि आज तो निघाला नाही, तर एडनाचं या वर्गात येणं कायमचं बंद होणार होतं. विश्रांती या शब्दाचा अर्थ तोच होता.

घंटा वाजली.

मिस थ्वेट छडी धरून उभी राहिली. मुलं थांबली. मी टोपीखालून बघत होतो. तिचा हात चष्म्याकडे गेला नाही. डोळे तसबिरीवर खिळलेले, ओठ बारीक हलत होते, जशी काही ती कुठल्यातरी खोलीत शिरलीय आणि कशाला आले तेच तिला आठवत नाहीये.

"बाराचा पाढा," ती म्हणाली. "पुन्हा."

मुलांच्या शिक्षिकेने, मिस अख्तरने, जवळच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. रोझलिंडबाई पुढे व्हायला निघाल्या.

मी हात वर केला.

का केला, काय बोलणार, काही ठरवलं नव्हतं. "बाई!"

"काय आहे शॉरॉक?"

"बाई, तुमचं नाव काय?"

वर्गाने श्वास रोखला. मास्तरणीला नाव विचारायचं! ती छडी घेऊन बाकांमधून माझ्याकडे आली, टोकदार टोपीच्या वर तिचा चेहरा दिसायला लागला. "काय म्हणालास?"

"पहिलं नाव, बाई. घरी तुम्हाला काय म्हणतात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मनात म्हणत होतो, सांग गं बाई, सांग. मग तिची छडी खाली गेली. तिने सावकाश चष्मा काढला, हातात धरून बघितला आणि खिशात टाकला.

"एडना," ती म्हणाली. "एडना म्हणतात, राजा." मग मुलांकडे वळली. "मी एडना, बाळांनो. खरी रागावले नव्हते हं मी."

दारात पार्किन वाटताना तिने मलाही रांगेत उभं केलं. टोपीसकट.

मुलं गेल्यावर रोझलिंडबाई चहाच्या खोलीत आल्या. आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. त्या मूर्ख नाहीत. "शेवटी ते नाव विचारायचं नवीन घातलंत का, क्लिफर्ड?" त्या म्हणाल्या. "फार छान. तेवढं दर वेळी असू दे. म्हणजे तुम्ही दोघंही दर वेळी असाल." आणि कप विसळून निघून गेल्या.

एडनाने माझ्या गालावरचा उरलेला कल्ला ओढून काढला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डिंकामुळे, असं समजा.

"तू मला सांगायला आला होतास," ती म्हणाली. "तीनदा."

"तुला कळलं होतं?"

"त्या दिवशी तू गेल्यावर कप उचलला, तर तळाशी साखरेचा चिखल. तू साखर घेत नाहीस हे तेव्हा आठवलं मला. म्हटलं, हा बाबा एवढा गोड चहा हूं की चूं न करता प्यायला, म्हणजे काहीतरी नक्की वाईट आहे."

"मग तू आज आलीस कशी?"

"म्हटलं, तू सांगितलेलं नाहीस ना! न सांगितलेलं मी का ऐकू?" ती हसली. मग हसणं थांबलं. "आणि मला भीती वाटली रे, क्लिफर्ड. घरी बसले तर मला माझं नाव विचारणार कोण?"

मी तिचा हात धरला. आमच्याकडे तसं कुणी करत नाही, आणि आम्ही दोघंही इतके अवघडलो की लगेच सोडला.

"एक कबूल कर," ती म्हणाली. "ज्या दिवशी तू विचारशील आणि मला सांगता येणार नाही, त्या दिवशी तू येऊन सांगायचंस मला. सरळ. पार्किन न खाता."

"कबूल," मी म्हणालो. आणि मॉरीनने घरी हे ऐकून कपाळावर हात मारला, कारण कबूल कुणी केलं हे तिला ठाऊक आहे.

तेव्हापासून मी दर मंगळवारी कोपऱ्यात टोपी घालून बसतो. कल्ले सोडून दिले. मुलांमध्ये माझं बरं नाव झालंय, बाजारात एखादं पोरगं आईला ओढून दाखवतं, "तो बघ ढ आजोबा!" घंटा वाजली की मी हात वर करतो आणि ती छडी घेऊन माझ्याकडे येते.

या मंगळवारी मी नाव विचारलं तेव्हा ती माझ्यासमोर नुसतीच उभी राहिली. मुलं चुळबुळायला लागली. चष्म्यामागचे डोळे माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होते.

मी हात खाली घेतला नाही. पुन्हा विचारलं, आणि मग पुन्हा. जुनी शाळा आहे आमची, तिथे तसंच चालतं.